उपाशी चिलखतं

६ नोव्हेंबर, बुधवार

पोचले एकदाची. कर्जतहून कशेळ्याच्या जीपमध्ये मी चौदावी, मांडीवर शिवणयंत्र, आणि ड्रायव्हर म्हणतो अजून दोघं बसतील. पुढे वर्कशॉपचे प्रमुख राजेशदादा टेंपो घेऊन आले होते. कापणी झालेल्या खाचरांमध्ये पत्र्याची शेड, मागे डोंगर. मेक्सिकोच्या जुन्या अझ्टेक योद्ध्यांवर वेबमालिका निघते आहे आणि मेक्सिकोचा डोंगर म्हणून आपलाच खपून जाणार आहे. नाशिकला आईने विचारलं होतं, त्या रानात कोणाचे कपडे शिवणार? आता सांगते तिला.

शस्त्रं किशोर बनवतो. दोन पोरींचा बाप, बोलघेवडा सुतार. लाकडी दांडा, दोन्ही कडांना खाचा, खाचांत ज्वालामुखीच्या काळ्या काचेची पाती. त्याची पाती अर्थात रबराची, आणि तो या शस्त्राला धारवाली बॅट म्हणतो. ढालींना पिसांची झालर आहे. शेडच्या मधोमध त्याने फायबरचा एक मोठा गोल दगडही करून ठेवलाय.

माझ्या वाट्याला आठ चिलखतं. दोन बोटं जाड कापूस, दाट टाके, मग मिठाच्या पाण्यात भिजवून कडक वाळवायचं. लोखंडाचा तुकडा नाही. गोधडी अंगावर घेऊन बाणांसमोर उभे राहणारे हे लोक मला तिथेच आवडले.

९ नोव्हेंबर, शनिवार

टाके घालायला वरच्या ठाकरवाडीतून भागीमावशी आणि तिच्या दोन सुना येतात. मावशीचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ. पण आज वाजलं आमचं. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी तिला आत चिमूटभर तांदूळ घालायचे होते. गोधडी माणसाला पोटाशी धरते, म्हणाली, म्हणून आधी तिच्या पोटाला घालायचं. नाहीतर तिचं ती शोधते. मी म्हटलं, मिठाच्या पाण्यात तांदूळ कुजतील, चिलखताला वास मारेल.

तिने सुई खाली ठेवली. "उपाशी पोट मी नाय शिवायची, बाय. तुज्या हातानं शिव."

शिवले. आठही कोपरे, लाल दोऱ्याने, जाड दाभण घेऊन. हट्टाला पेटले की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चिलखतं वाळून खडखडीत झाली. जेवताना राजेशदादांनी माहिती वाचून दाखवली. अझ्टेक योद्ध्याचा मान शत्रूला मारण्यात नव्हता, जिवंत धरून आणण्यात होता. एखाद्या शूर कैद्याला कमरेने गोल दगडाला बांधत आणि हातात तसंच शस्त्र देत, फक्त पात्यांच्या जागी पिसं लावलेलं. समोरच्यांच्या हातात खरी पाती. मला संतापच आला. लढायला उभं करायचं आणि हातात पिसं द्यायची, ही कुठली रीत?

मग किशोरने गंमत म्हणून एक चिलखत चढवलं आणि दगडावर नाचला. पाच मिनिटांत त्याचं हसणं थांबलं. बंदांच्या गाठी सुटेनात. शेवटी मी कात्रीने बंद कापले. त्याच्या छातीभर टाक्यांचे वळ होते, ओळीने, आणि गाल आत गेलेले. सकाळी डबाभर भाकऱ्या खाल्लेला माणूस आठ दिवसांचा उपाशी दिसत होता. राजेशदादा त्याला टेंपोत घालून कर्जतला दवाखान्यात घेऊन गेले.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दादांचा फोन आला. किशोर बरा आहे पण सारखा भात मागतो. ते शुक्रवारी येतील.

सकाळी टेबलावर किशोरची बॅट होती. पाती नाहीत. खाचांत पिसं — लाल दोऱ्याने बांधलेली. दोरा माझा.

म्हणजे कैदी मी. पिसं उपटून चुलीत घातली. दुपारी परत जागच्या जागी.

कशेळ्याला चालत निघाले. गोल दगडापासून बारा पावलं, शेडच्या दारात — कमरेला हिसका. दोर दिसत नाही. कमरेवरचा वळ दिसतो. पाच वेळा प्रयत्न केला. दादांना फोन केला तर म्हणाले, हर्षला, तू घाबरली आहेस, विश्रांती घे. घाबरलेच आहे. पण कमरेला काय बांधलंय ते मला कळतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

भागीमावशी आली. मी तिला आत येऊ दिलं नाही. चूक माझी, ती का अडकेल? तिने दारातूनच पदरातले तांदूळ माझ्या ओंजळीत घातले. म्हणाली, ज्या हाताने शिवलं त्याच हाताने उसवायचं, घास घालायचा, परत शिवायचं.

मी तिची माफी मागितली. "आदी त्यांच्या पोटाला घाल गं. माफी मंग."

तिला घरी पाठवलं.

दुपार

सात झाली. बोटांतून रक्त येतंय. घास आत गेला की चिलखत मऊ पडतं, साधी गोधडी होते.

आठवं जागेवर नाही. किशोरने घातलेलं —

चार वाजले

दारात उभं आहे. आत कोणी नाही, तरी छाती फुगते, बसते. मी कापलेले बंद परत शिवलेले. बाजूला हवेत दांडा. त्याची पाती रबराची नाहीत — चौकटीला नुसती टेकली तर लाकूड सोललं.

भीती वाटते. खूप.

पण पिसांची बॅट मी भिरकावून दिली. चिलखतांनी दिलेल्या शस्त्राने मी लढणार नाही. वही मांडीवर, डाव्या मुठीत तांदूळ. पेन ठेवलं की उसवायला दाभण उचलायचा.

लाल दोऱ्याचा कोपरा इथून दिसतो. माझा हात तिथवर पोचत नाही. पण त्याला मी जिवंत हवी आहे. धरायला जवळ यावंच लागेल —

येतंय. ये. मी दगडावरच बसलेय, कुठे जात नाही — अजून दोन पावलं — एक — कोपरा हाताच्या