चिऊला शाळा मिळाली

देवास,
ता. १४ एप्रिल

चि. सौ. शेवंतास आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. शिवाजीरावांचा खोकला उतरला का? माझं चौथीपर्यंतचं अक्षर, सांभाळून वाच.

आधी आनंदाची बातमी. आपल्या चिऊला शाळा मिळाली! आकाशी फ्रॉक, पांढरे मोजे, गळ्यात तिच्या फोटोचं कार्ड. आरशापुढे अशी उभी राहिली की मी तिथल्या तिथे बोटं मोडून दृष्ट काढली. सगळ्या शेजाऱ्यांना जिलबी वाटली. इथे आनंद झाला की पोहे-जिलबी, पोह्यांवर शेव. हे लोक शेव कशावर घालत नाहीत ते विचार! मेधाने मात्र जिलबीला हात लावला नाही. उपास आहे म्हणाली. कसला ते सुनेला विचारलं नाही.

शाळा सोनकच्छच्या रस्त्याला आहे, जरा लांबच. बस येते. पोर जाताना पेंगते, येताना झोपून येते. वर्गावर पत्रे आहेत, पण पंखा आहे.

मागे तुला घराजवळच्या मोठ्या शाळेचं बोलले होते ना, तिथे नाही झालं. खरं तर व्हायला हवं होतं. पोरीला रंग, आकडे, मोराचं गाणं सगळं तोंडपाठ. मॅडमनी विचारलं ते सगळं तिने सांगितलं. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "तो बेटा, आप यहाँ शिक्षा लेने आई हो?" आपल्या घरात शिक्षा म्हणजे काय ते तुला ठाऊकच. पोरीचा चेहरा पडला. म्हणाली, "नहीं मॅडम, मैंने कुछ नहीं किया."

सगळे हसले गं. शंतनू पण हसला. मला सांगतानाही हसत होता. मग निकाल आला, नाव नाही. विचारायला गेला तर म्हणाले, बच्ची की भाषा कच्ची है.

वरच्या मजल्यावरचा राजवर्धन आत भोकाड पसरून रडला, स्वतःचं नावही सांगितलं नाही. त्याला घेतलं. त्याचे आजोबा भैयासाहेब शाळेच्या कमिटीवर आहेत. पेढे द्यायला स्वतः खाली आले. "शंतनू भिया, टेंशन मत लो. बच्ची तेज है, कहीं भी पढ़ लेगी. बस घर में थोड़ी हिंदी बोला करो." शंतनू "जी, भैयासाहेब" म्हणाला. पेढा तोंडात घातला, दार लावलं आणि मोरीत जाऊन थुंकला.

त्यांना काय बोलणार? घर त्यांचंच, आपण भाड्याचे. मग मला म्हणाला, "आई, यापुढे चिऊशी मराठी नको."

"मग कशात बोलू?"

"हिंदीत."

"माझ्या हिंदीला भाजीवाला हसतो रे."

"मग थोडे दिवस कमी बोल."

पुढच्या वर्षी पहिलीसाठी पुन्हा बघणार आहेत. मी कमी बोलते. मला ते किती जमतं, तुला माहीत आहे. आता कळलं ना, फोन का केला नाही? कागदावरची मराठी कुणाला ऐकू जात नाही.

परवा चुकून तोंडातून गेलं, "ये गं चिऊ, वेणी घालते." पोरीने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "दादी, धीरे. पापा सुन लेंगे." आजी होते गं मी, गेल्या महिन्यापर्यंत.

शंतनूवर रागावू नकोस. वळकटी घेऊन एकटा आला होता या गावात, कारखान्याच्या नोकरीला. त्याला वाटतं लेकीला तरी कुणी परकं म्हणू नये.

काल स्वयंपाकघरात मेधा त्याला म्हणाली, "आई वर्षभर गावी राहिल्या तर?" तो म्हणाला, "मी कसं सांगू तिला?" नको म्हणाला नाही. कसं सांगू, एवढंच म्हणाला. मी भांडी जरा जोरात वाजवली, म्हणजे त्यांना वाटावं मी ऐकलं नाही.

तर तू एक कर. तुझ्या माधवला शंतनूला फोन करायला लाव. म्हणावं, आई पडली, घरात करायला कुणी नाही, मावशीला पाठव. खोटं बोलायला लावते आहे, पण पोराला माझ्याकडे बघून ते सांगावं लागू नये. मी थोडं नको नको करीन, मग निघेन. तुझ्यावर भार होणार नाही. भाकऱ्या अजून थापते.

फोन लवकर करवून घे. निघताना चिऊला काय सांगायचं ते मनात जुळवते आहे. मराठीत सगळं सुचतं. हिंदीत "मैं जाती हूँ" एवढंच येतं, त्यापुढे काय म्हणतात ते माहीत नाही.

तुझीच,
आक्का