दुधीला दाखवलेलं बोट

अक्षय तृतीया, १९५४
आज सकाळी अंबरनाथला आले. हरीला, म्हणजे माझ्या मुलाला, कारखान्यात कायम केलं आणि पश्चिमेला क्वार्टर मिळाली. दोन खोल्या, आणि मागं चांगलं दहा हात परस. ते बघून मी प्रवासाचा शीण विसरले. सुनेला, वेणूला, तिसरा महिना लागलाय. लग्नाला आठ वर्षं झाली, हे पहिलंच. मला आजी व्हायला किती वाट बघायला लावली म्हणून मी तिला चिडवते, ती पदर तोंडाला लावून हसते.
आजचा दिवस वेल लावायचा, म्हणून पिशवी सोडायच्या आधी दुधी, पडवळ आणि काकडीचं बी टोचलं. हरी म्हणाला, आई, काय कधी लावलं ते वहीत लिहून ठेव, तुझी अक्षरंही विसरायची नाहीत. साक्षरतेच्या वर्गातली अक्षरं माझी, जोडाक्षर आलं की हात अडतो. तरी लिहिते.

वटपौर्णिमेचा दुसरा दिवस
दुधीचा वेल हातभर झाला. पडवळ मागं आहे. पडवळ आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखं, उशिरा उठून सगळ्यांच्या पुढं जाणार. दूध घालायला बदलापूरच्या शिरगावाहून गोजरबाई येते, तिनं सुकटीचं धुवण घालायला सांगितलं. त्या वासानं वेणूला उलटी झाली, तिला चिंच चोखायला दिली. मांडवाची सुतळी मी स्वतः उल्हासनगरच्या कॅम्पातून आणली. तिथला सिंधी दुकानदार, नातवंड येणार ऐकून, मूठभर खडीसाखर देऊन म्हणाला, ही बहूला द्या. अशी माणसं भेटली की परमुलूख वाटत नाही.

नागपंचमी
दुधीला सात फळं धरली, अंगठ्याएवढी, अजून लव आहे अंगावर. गोजरबाईला हाताला धरून मागं नेलं आणि बोटानं एकेक दाखवलं, हा पहिला, हा दुसरा. तिनं माझा हात खाली ओढला. म्हणाली, म्हातारे, केस पिकले तरी कळत नाही का, कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, दाखवायचं तर बोट दुमडून दाखव. मला काय ठाऊक नव्हतं? लहानपणी यासाठी आईच्या हातचा मार खाल्लाय. पण आनंद झाला की हात आधी जातो.

तीन दिवसांनी
सातही गेले. देठाशी पिवळे पडले आणि मऊ झाले. आत कीड आहे का बघायला त्याच बोटानं एक फोडला. कीड नव्हती. नुसतं पाणी, कोमट. बोटाचा वास जात नाही. राख लावली, शिकेकाई लावली, चिंच चोळली.

श्रावणातला तिसरा सोमवार
हरी हसतो, म्हणतो पाणी जास्त झालं असेल. म्हणून मी परीक्षा घेतली, ती आज संपली. चार दिवसांपूर्वी एका काकडीला बोट दुमडून दाखवलं होतं, शेजारच्या काकडीला सरळ. वेल एकच, पाणी एकच. पहिली टवटवीत आहे. दुसरी हातात घेतली तर सालच हाती आली.
वेणूनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, उंदीर.

पोळा झाल्यावर
पोळ्याला गोजरबाईनं घरी बोलावलं होतं. तिच्या म्हशीला पंधरा दिवसांचं रेडकू, कपाळावर पांढरा टिळा. तो टिळा बघून मी म्हणाले, केवढं गोड, आणि हात गेला. लगेच मागं घेतला. आज ती दूध घेऊन आली नाही, तिचा नवरा आला. रेडकू गेलं. वर जखम नव्हती, आतून सगळं पाणी झालं होतं म्हणाला. गोजरबाईचा निरोप आहे, सून पोटुशी आहे ना, म्हातारीला जपा.
मला नाही. माझ्यापासून.

घट बसले
बोटाला चिंधी बांधली आहे. काटा लागला म्हणून सांगते. वेणू सकाळी माझा हात धरून पोटावर ठेवायला लागली, सासूला ती आत्याच म्हणते, आत्या, बघा ना कसं लाथ मारतंय. मी हात हिसडून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वर्षं वाट बघितली आणि आता मी हात लावत नाही, तिला काय वाटत असेल.
मागं वाल पेरला. हातावर जुनं चवाळं, फडकं टाकून पेरला, बघितलं नाही.

दिवाळी पाडवा
बोट वाकत नाही आता. सरळच राहतं. गावी जाते म्हणाले तर हरी रागावला, बाळंतपणाला तू नाहीस तर कोण आहे तिला. खरंच कोणी नाही. तिला आई नाही.

चंपाषष्ठी
मुलगा झाला. धडधाकट. सुईण म्हणाली आजीवर गेलाय. मी दारातूनच बघितलं, दोन्ही हात पाठीमागं. आज खूप लिहायचं होतं.

चार दिवसांनी
भिंतीकडं तोंड करून बसले तर बोट मागं वळतं. चुलीशी बसले तर डावीकडं. बाळंतिणीची बाज डावीकडं आहे.
चिंधी सकाळी सुटलेली असते. गाठ मीच मारते, दुहेरी —

बारसं झाल्यावर
बोट विळीवर ठेवलं. दाबलं. रक्त आलं नाही. पाणी आलं, कोमट. दुपारपर्यंत बोट पुन्हा होतं तसं —
बाळ आज दूध कमी प्यायलं. वेणू म्हणते, सर्दी असेल.

पौष
डाव्या हातानं लिहिते, अक्षर वाकडं आहे. बोट छातीवर टेकवून ठेवलंय, माझ्याच. कालपासून. जोर लावून धरावं लागतं, ते पाळण्याकडं ओढतं. पण टेकवलं की बाळ पितं. दोनदा बघितलं. पोटभर प्यायलं.
मग झालं तर.

संक्रांत
वालाला फुलं आली म्हणे. वेणूनं सांगितलं.
छातीत ओलं आहे. वास दुधीचा. दुखत नाही. आज संध्याकाळपर्यंत होईल बहुतेक — बोटाचा जोर कमी होतोय, माझाही —
वेणू येतेय, बाळाला हलव्याचे दागिने घालून. आत्या, आज तरी मांडीवर घ्या म्हणते. तो सध्या जे हाताला लागेल ते मुठीत धरतो, कौतुकानं सांगतेय तिकडूनच. नको म्हणायला तोंड उघडलं, आवाज नाही, पाणीच —
बोट छातीशी दाबून धरलंय. ती वाकली. बाळानं मूठ बोटाकडं —