एक पट्टी खाली

३ नोव्हेंबर २००७
खराडीच्या जॅझ फेस्टिव्हलचं नक्की झालं. १६ डिसेंबर, रविवार, आयटी पार्कचं लॉन. शेवटचा आयटम माझा. पियानो मीच, गाणंही मीच, ड्रम्सवर इम्तियाज. खडकीच्या फॅक्टरीतून व्हीआरएस घेतली तेव्हा जे जे हसले त्या सगळ्यांना पास पाठवणार. हॉटेलच्या लॉबीत लोकांच्या सूप पिण्याच्या आवाजावर गायचे दिवस संपले.
घसा जरा बसलाय. लॉबीतला एसी.
संकल्प: सिगरेट बंद. सोमवारपासून.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
घसा तसाच. फटाक्यांचा धूर. सोमवार दिवाळीच्या तोंडावर आला, त्यामुळे सिगरेटचं पुढच्या आठवड्यात.

१८ नोव्हेंबर
कॅम्पात इम्तियाजच्या घरी रिहर्सल. वरचा सूर लागेना. पांढरी दोन सोडून काळी एकमध्ये गायलो. अर्धा सूर खाली, कोणाला कळतंय? उलट आवाजाला खरखर आलीय ती फार जॅझी वाटते. परदेशात ह्यासाठी लोक वर्षानुवर्षं व्हिस्की पितात. मला फुकटात मिळाली.
इम्तियाजची बहीण अफशीन दारात उभी राहून ऐकत होती. नाक-कान-घशाची डॉक्टर आहे. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, उद्या सकाळी क्लिनिकला या. गाण्याबद्दल अक्षर नाही. कानाची डॉक्टर आणि कान नाही.
फेस्टिव्हल झाल्यावर जाईन म्हटलं.

२४ नोव्हेंबर
फेस्टिव्हलवाल्या प्रियदर्शनीचा फोन. मी हॅलो म्हटल्यावर म्हणाली, आजोबा, जरा सुदर्शन सरांना देता का? आवाजात वजन आलंय हे नक्की.
तेच भाग्यश्रीला सांगितलं. बायको हसली नाही. एरवी हसते.

२९ नोव्हेंबर
आणखी अर्धा सूर खाली. पांढरी एक.
संकल्प: फेस्टिव्हलपर्यंत मौन. आवाज साठवायचा.
सकाळी १०.१५. मौन मोडलं. रिक्षावाला खराडीला येत नाही म्हणाला. त्याला जे बोलायचं होतं ते सगळं बोललो. त्याला ऐकूच गेलं नाही.

४ डिसेंबर
कोटाच्या आतल्या शर्टाची कॉलर डावीकडे दाटते. उजवीकडे नाही. धोब्याने एका बाजूने आटवला. धोबी बदलणे.

७ डिसेंबर
सकाळी खोकलो तर बेसिनमध्ये लाल. बीट खाल्लं असणार. भाग्यश्री म्हणाली, अहो, ह्या घरात महिनाभर बीट आलेलं नाही. मग लॉबीत खाल्लं असेल. हॉटेलवाले कशातही बीट घालतात.
ती ऑफिसला गेलीच नाही. दिवसभर माझ्याकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, एक फेस्टिव्हल गेला तर जाऊ दे ना. हा एक फेस्टिव्हल नाही. ह्याच्यासाठी पंचविशी, तिशी, चाळिशीतल्या सगळ्या संध्याकाळी लॉबीत घातल्या. आता आवाजाला काही झालंय असं कोणी सांगितलं, तर मी गाणार कसा? म्हणून कोणी सांगायचं नाही.
भीती वाटते. बीटची नाही.

१२ डिसेंबर
आता खालची पांढरी सात. इम्तियाज म्हणाला, सुदर्शनभाई, अजून खाली गेलो तर तळमजला लागेल. मी म्हटलं, पियानोला डावीकडे भरपूर जागा आहे. त्याने ड्रम्सवर फिरवायचे तारांचे ब्रश पिशवीत भरले. टीममध्ये नकारात्मक माणूस नको. नंतर बोलू.

१६ डिसेंबर, सायं. ५
साउंड चेक. एकदाच, हळू. आवाज स्टेजसाठी राखून ठेवलाय. कॉलरचं वरचं बटण उघडं. जॅझला शोभतं. सातशे खुर्च्या!
संकल्प: पहिलं गाणं पांढरी सहामध्ये. मग आवाज तापला की वर.

१७ डिसेंबर
काल. सुरुवातीचे सूर वाजवले. श्वास घेतला, तोंड उघडलं. हवा आली. परत वाजवले, परत हवा. इम्तियाजने माझ्याकडे पाहिलं आणि ब्रश फिरवत राहिला, थांबला नाही. मग पाऊण तास मीही नुसता वाजवत राहिलो. रडत होतो, पण लाइट निळे होते.
लोक उठून टाळ्या वाजवत होते. इतक्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या. नंतर सदाशिव पेठेतले एक गृहस्थ खास भेटायला आले. म्हणाले, लॉबीत अनेकदा ऐकलंय आपल्याला. गायला नाहीत हे फार उत्तम केलंत.

१८ डिसेंबर
अफशीनचं क्लिनिक. कधीपासून असं तिने विचारलं. मी दोन बोटं दाखवली, दोन दिवस. भाग्यश्री म्हणाली, गणपतीपासून. अफशीनने डावीकडे मानेवर बोट ठेवलं, कॉलर दाटते तिथेच, आणि ते बराच वेळ उचललं नाही. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल म्हणाली. धोब्याचा विषय मी काढला नाही.
मग नाकातून बारीक नळी घातली आणि म्हणाली, आता लांब ‘ई’ म्हणा.
कुठल्या पट्टीत, असं विचारायचं होतं. विचारता आलं नाही.