रहीमचाचा उभे होते

कारंजा, १२ ऑक्टोबर १९५४

दोन महिने इथे एक ओळही लिहिली नाही, माझी मलाच लाज वाटते. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

दिवाळीचे कापड घ्यायला मोटार स्टँडजवळच्या नव्या दुकानात गेले, तर काउंटरमागे रहीमचाचा उभे! इतकी वर्षे त्यांच्याच दुकानातून कापड घेतले, पण ते कायम गादीवर बसलेले. आपण चपला काढून समोर बसायचे, ते बसल्या जागी तागे उलगडायचे. आज ते तागा आणायला चालत गेले आणि मी हबकलेच. त्यांचा एक पाय आखूड आहे. मला कधी कळलेच नव्हते.

"बसा ना बाई," ते सवयीने म्हणाले. मी मागे पाहिले. बसायला काही नव्हतेच. मग स्वतःच हसले. "इथं कोनीच बसत नाही. मीबी नाही."

"आणि तुमचं दुकान?"

"पोळ्याले बंद केलं. गिऱ्हाईक इकडे येऊन राह्यलं, मंग मीबी आलो. तुमी नाही का आल्या?"

थट्टाच होती. मला मात्र ती लागली. कापड घेतले. घ्यायला नको होते का? न घेऊन त्यांचे काय भले होणार होते? साठीचा माणूस, दिवसभर त्या पायावर उभा. मालकाला त्यांच्याविषयी सांगावे, तर नोकरीच जायची. पण गिऱ्हाइकासाठी ठेवलेले स्टूल गिऱ्हाईक गेल्यावर रिकामेच असते.

उद्या: मला उभे राहवत नाही असे सांगून मालकाला काउंटरपाशी स्टूल ठेवायला लावणे.