काळ्या मातीतले फुरसे

मी, तानुबाई भ्रतार दगडू पाटील, राहणार भडगाव, जिल्हा पूर्व खानदेश, धंदा शेती व घरच्यांवर नजर ठेवणे, मला अक्षर येत नसल्याने हे मृत्युपत्र तोंडी सांगून रतिलालभाऊ दस्तलेखक यांच्याकडून लिहवून घेते. कोणाची जबरदस्ती नाही. चित्त ठिकाणावर आहे. पाय अंगणातल्या खाटेवर आहेत, ते मी खाली सोडणार नाही. रतिलालभाऊंनीही सोडू नयेत.

१. गिरणाकाठचे शेत मुलगा झुलाल यास. चांदीचे गोठ नातसून पुष्पाबाई हिला. जाऊ भिकुबाई हिने नेलेला पितळी हंडा तिच्याकडेच राहू द्यावा. तो गळतो.

२. माझे माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, बरड माळावर. तिथे धाकटी बहीण बेबा गोवऱ्या वेचताना फुरसे चावून गेली. हिरड्यांतून रक्त येत होते आणि ती मला विचारत होती, "अक्का, माझे दात पडतील का?" मला इकडे दिली तेव्हा नवरा काळा की गोरा हे मी पाहिले नाही. माती काळी आहे, एवढे पाहिले. या मातीत फुरसे नाही, म्हणून मी इथे सुखाने नांदले.

३. नातू उखर्डू अमळनेरास शिकला. कोणते झाड, कोणते जनावर कुठवर आढळते आणि त्यापुढे का नाही, हे तो रानोमाळ हिंडून नकाशावर टिंबे देऊन मांडतो. विद्या चांगली आहे. पण माझ्याच माहेरच्या माळावरून त्याने जिवंत फुरसे मडक्यात घालून, फडके बांधून घरी आणले. मी ओरडले तर ते इथले नव्हेच असे समजावू लागला, "आजीमाय, हाई आठलं जनावर नही शे."
मी म्हटले, "मंग आठे तुन्हासंगे लगीनले उनं का?"

४. नागपंचमीला पुष्पाने फडके सोडून मडक्यात दूध-लाह्या ठेवल्या. "नागदेव घरमा शे, त्याले उपाशी कसा ठेवू?" एवढेच ती म्हणते. मडके रिकामे आहे. यावरून तिला कोणी बोलू नये, माहेरी धाडू नये. देव घरात आणणाऱ्याला आधी बोला.

५. फुरसे पोटुशी होते, हे उखर्डूने मागाहून सांगितले. ते अंडी घालत नाही, जिवंत पिले टाकते. काल कणगीमागच्या भिंतीतून खापरावर वाळू घासावी तशी करकर मी ऐकली. झुलाल म्हणतो उंदीर असेल. मी तो आवाज लहानपणी ऐकला आहे. उखर्डूचा पोरगा कौतिक नुकता रांगू लागला आहे आणि दिसेल त्या फटीत बोट घालतो. मला झोप नाही. उखर्डू म्हणतो, पिले जगली तर भडगावावर टिंब द्यावे लागेल. ते टिंब माझ्या पणतूवरून पडायला नको.

६. झुलालचा विचार घर गुपचूप विकून टाकावे असा आहे. म्हणजे रांगणारे पोर दुसऱ्याचे, एवढाच फरक. मी तसे करू देणार नाही.

७. सबब धाब्याचे घर मी कोणासही देत नाही. माझ्या मरणाची वाट न पाहता कय्युम मिस्त्रीने ते आजपासून पाडावे. आधी धाबे, मग भिंती, लांब पहारीने. माणसांच्या पायात जाड जोडे हवेत. दगड उन्हात पसरावेत. एकही दगड कोणी गाडीत भरून दुसऱ्या गावी नेऊ नये, नाहीतर फुरसे तिथेही उतरेल. नेणारा सख्खा भाऊ असला तरी अडवावा.

हे लिहिताना झुलाल उभा राहिला. "माय, घर शे ते!"
मी म्हटले, "व्हतं." रतिलालभाऊ, हेही लिहा. मला फार भीती वाटते, तेही लिहा.

मजकूर वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

तानुबाई यांचा डाव्या हाताचा अंगठा (खाटेवरूनच घेतला)

साक्षीदार:
कय्युम मिस्त्री. सही करून धाब्यावर चढले.
शेवंताबाई, शेजारीण. अंगठा. यांच्या कडेवर कौतिक आहे.

दस्तलेखक: रतिलाल
ठिकाण: भडगाव, घरासमोरील अंगण
तारीख: २ ऑगस्ट १९४१