गाडी देण्याआधी

रविवार, ९ मार्च

ती. वन्सं यांस नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. अण्णांचा खोकला कमी आहे. मी बरी आहे; जेवते, झोपते. रडलीस का, असं विचारलंत. नाही अजून.

गाडी काल गेली. गिऱ्हाईक कधीपासून मागे लागलं होतं, पण अण्णा अडून बसले, तुमचेच वडील ते. चढावर इंजिन खडखडतं, अशी गाडी मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही म्हणाले. ठिणगी वेळेआधी पडतेय, टायमिंग लावायला हवं. मेकॅनिकला बोलवू म्हटलं, तर, "त्याला काय कळतंय डोंबल!"

मग शुक्रवारी आम्ही दोघंच लागलो. पुलीवरची खूण दिसेना, म्हणून मी तिच्यावर खडू ओढला. इंजिन तापवलं. टायमिंग लाईटचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरला लावला. दर ठिणगीला तो दिवा लुकलुकतो आणि भरभर फिरणारी खूण जागच्या जागी उभी दिसते. आमची खूण हवी तिथे नव्हती. अण्णांनी प्लगांना ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून अख्खा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, पुन्हा पाहिलं, पुन्हा फिरवला. मी स्टिअरिंगवर होते. बॉनेट उघडं, त्यामुळे मला ते दिसत नव्हते आणि त्यांना मी.

"मन्या, थोडी रेस दे."

त्या सीटवर नेहमी हेच बसायचे; हाक यांनाच होती. मी रेस दिली.

"बस, सोड."

सोडली. बोल्ट आवळल्याचा आवाज आला. उतरून पाहिलं, तर अण्णा मडगार्डला टेकून रडत होते. हातातला दिवा आपला लुकलुकतोय. त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, हे कळत होतं. मी जाऊन इंजिन बंद केलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "चल, चढावर नेऊन बघू."

हे गेल्यापासून मी गाडी चालवलीच नव्हती. अख्खा चढ चढलो, खडखड नाही. वर पोचल्यावर अण्णांनी विचारलं, "मी पोरीकडे गेल्यावर तू कुठे जाणार?"

"बघते कुठेतरी."

"बघते काय बघते? मी एकटा जाणार नाही. कळव तुझ्या नणंदेला."

"तुम्हीच कळवा की."

"हात थरथरतो माझा."

म्हणून मी लिहितेय. तुमच्या पत्रात अण्णांची खोली, औषधं, दवाखाना, सगळं होतं. माझं राहून गेलं असेल. तुमच्याकडे जागा कमी आहे, हेही ठाऊक आहे. कुणाकडे काही मागावं असं हल्ली वाटतच नाही. पण त्यांना मी 'येते' म्हणून बसलेय.

खाट एक टाकाल की दोन, तेवढं कळवा.

अजूनही तुमची,
भावजय