काळ्या कोपऱ्यातली माती

५ जानेवारी
पोहे खारट. प्राची म्हणाली, "बाबा, मस्त झालेत." सून खोटं बोलते तेव्हा मान खाली घालते. कुंदाने ताटली सरळ परत सरकवली असती. ती जाऊन दुसरा हिवाळा, अजून मला मिठाचा अंदाज नाही. कढीपत्ता मात्र सढळ हाताने टाकतो. बाल्कनीतल्या निळ्या ड्रममध्ये तिचं झाड आहे, छताला टेकलंय. प्राचीला सहावा महिना. त्याच पानांच्या चटणीचे डोहाळे लागलेत, म्हणून रोज मूठभर जास्त तोडतो.

दु. जुन्या बॅरेकवाल्यांच्या ग्रुपवर फोटो. उल्हासनगरला, आम्ही राहायचो त्या जुन्या लष्करी बॅरेकींजवळच्या गाडीमैदानाला पत्र्याचं कुंपण घातलंय, त्यावर नोटीस. "सदर जागेवर पूर्वी लष्करी वाहनांची दुरुस्ती होत असल्याने मातीत शिसे व तेलाचे अंश आढळले असून..." खाली आणखी एक ओळ. "ज्या नागरिकांनी सदर जागेतील माती अन्यत्र नेली असेल त्यांनी संपर्क साधावा."
आम्ही सगळ्यांनीच नेली आहे.

६ जानेवारी
बॅरेक सोडून कुणी बदलापूर-अंबरनाथला फ्लॅट घेतला की गाडीमैदानातून डबाभर माती न्यायची. त्याशिवाय नवं घर मानवत नाही म्हणायचे. कुणी सत्यनारायण घालायचं, आमच्याकडे बुद्धवंदना, सिंध्यांचं आणखी वेगळं. पण माती सगळ्यांची. आणि तीही मागच्या कोपऱ्यातली. तिथली काळीभोर, हाताला तेलकट. केवढी कसदार, म्हणायचो. गोऱ्यांच्या पलटणी लढाई संपल्यावर गेल्या, त्यांच्या ट्रकांचं तेल आणि बॅटऱ्या तिथेच जिरल्या, हे कुणाच्या डोक्यात येणार.

आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मी आळशी, फाटकाजवळची लाल माती भरत होतो. कुंदाने डबा उलटा केला. "अहो, झाडाला द्यायचंय तर चांगलं द्या." पदर खोचून स्वतः कोपऱ्यात गेली. कोपरापर्यंत काळी होऊन आली. शिरगावच्या नव्या घरापर्यंत स्कूटरवर मागे, डबा मांडीवर. वाटेत गाणं म्हणत होती. कुठलं ते आठवत नाही, त्याचा राग येतो.

१० जानेवारी
उ.नगरला जाऊन आलो. पत्र्याच्या फटीतून बघितलं. पांढरे कपडे, तोंडाला मास्क, जमिनीत पाइप घालून माती काढतायत. आम्ही तिथे अनवाणी कबड्डी खेळायचो.

समोर किशनचंदचं पापडाचं दुकान. बॅरेकपासूनचा शेजारी. म्हणाला, "साईं, मैंने तो बेटी के घर भी भेजी वो मिट्टी. तुलसी लगाई उसने. अब क्या बोलूँ उसको?" मग स्वतःच, "भाभी को भी मैंने ही बोला था, कोने से ले जा." कुंदाबद्दल बोलत होता. दोघं पापड खात बसलो.

१७ जानेवारी
हॉलमध्ये माहितीची सभा. गर्दी बरीच, निम्मे सामोशांसाठी. माती तपासणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या, माझ्या मुलापेक्षा, नितीनपेक्षाही लहान असतील. पडद्यावर मैदानाचा नकाशा, हिरवा-पिवळा-लाल. सगळ्यात लाल तो कोपरा. हॉलभर चुळबुळ झाली. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता.

मॅडमना वाटलं होतं, दोन-चार लोकांनी माती नेली असेल. "कुणी नेली असेल त्यांनी हात वर करा," म्हणाल्या. सगळा हॉल वर. त्या पाणी प्यायल्या.

मी विचारलं, कढीपत्ता असेल तर? म्हणाल्या, "काका, तपासणी होईपर्यंत पानं खाऊ नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर अजिबात नाही."
पुढचं नीट ऐकू आलं नाही.

१८ जानेवारी
रात्रीच सांगायला हवं होतं. सकाळी उपम्यात कढीपत्ता घातला नाही. प्राची म्हणाली, "संपला का?" बाल्कनीचं दार उघडं, झाड हलतंय. सांगितलं सगळं.

नितीन भडकला. "आजच्या आज तो ड्रम खाली कचऱ्यात." त्याचं चुकलं नाही, बाप होणार आहे. पण कचऱ्यात म्हणाला. मी म्हटलं, "आईचं झाड आहे ते." तो म्हणाला, "आई असती तर तिनेच फेकलं असतं." खरं आहे, म्हणून जास्त लागलं. प्राची एवढंच म्हणाली, "कचऱ्यात नाही टाकायचं. त्यांनी सांगितलंय ना, ते नेणार." मग नितीन तिला रक्त तपासायला घेऊन गेला. मी ड्रमवर जुनी चादर बांधली.

२४ जानेवारी
मातीचे नमुने द्यायचा दिवस. हॉलबाहेर रांग. प्लॅस्टिकच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे, एकीने तर अख्खं तुळशीवृंदावन रिक्षात घालून आणलेलं. जुनी माणसं भेटली. "जयभीम", "राम राम", "गुडघे कसे आहेत". लग्नात भेटावं तसं चाललं होतं. सगळे विचारत होते, वहिनी कशा आहेत. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना सांगावं लागलं. पुन्हा पुन्हा.

आमचा नमुना पहाटे काढला, हातमोजे घालून. वरची आणि खालची माती वेगळी द्यायची होती. खालची अजून तशीच, काळी, तेलकट. तिने दाबून भरलेली. हातमोजा काढून हात लावावासा वाटला. कुंदा, फार आठवण येते गं. लावला नाही.

३ फेब्रुवारी
प्राचीचा रिपोर्ट. डॉक्टर म्हणाले, काळजीचं नाही, पण ती पानं बंद आणि पुन्हा एकदा तपासू. नितीन गाडीत बसून रडला म्हणे. प्राचीने सांगितलं. माझ्याशी अजून मोजकंच बोलतो. मी खाली जाऊन उगाच पेपर आणला.

९ फेब्रुवारी
मातीचा निकाल. लाल. रविवारी गाडी शिरगावला येणार, माती द्यायची. मॅडमना फोन केला. झाड ठेवता येईल? "मुळं पूर्ण धुऊन नव्या मातीत लावून बघा. जगेलच असं नाही. आणि काका, धुतलेलं पाणीसुद्धा आम्हाला द्यायचं, मोरीत सोडायचं नाही."

१५ फेब्रुवारी
प्राचीला दिवसभरासाठी माहेरी पाठवलं. टब, मग, हातमोजे घेऊन एकटाच बसलो होतो. नितीन आला, झाड खोडाशी धरलं. मी धूत गेलो. पाणी आधी काळं, मग करडं, मग चहासारखं. मुळं गोरी निघाली. नितीन म्हणाला, "आई मला ह्याचीच फांदी दाखवायची, अभ्यास नाही केला की." "मारली कधी?" "नाही. फोडणीत टाकायची." दोघंही हसलो.

खाली गाडी. माती निळ्या पिशव्यांत, पाणी कॅनमध्ये. मॅडमना विचारलं, आता ही कुठे जाणार? म्हणाल्या, लांब एक खड्डा केलाय, खाली जाड अस्तर, वरून बंद करणार. भोवती कुंपण, बाहेर फलक. कुठून काय आणलं ते त्यावर लिहिणार, कुणालाही वाचता येईल.

१ मार्च
झाडाची पानं सगळी गळाली. खोड उभं आहे. नखाने खरवडून आत हिरवं आहे का बघायचं म्हणतो, धीर होत नाही. प्राची येताजाता बघते.

कुंदाला आम्ही दहन केलं, अस्थी नदीत सोडल्या. जाऊन बसावं अशी जागा कधी नव्हतीच. मॅडमकडून खड्ड्याचा पत्ता घेतला. नितीनला म्हटलं, एखाद्या रविवारी जाऊ. तो म्हणाला, "बाबा, तिथे काय बघायचंय? कुंपणाच्या आत सोडणार नाहीत."
म्हटलं, बाहेरून बघू.